घरच्या सामानातून केकचं प्रिमिक्स: पाकिटात काय घालायचं आणि काय बाहेर ठेवायचं

ताईंचा प्रश्न थोडक्यात असा आहे की बाजारचं प्रिमिक्स महाग पडतं, म्हणून त्यांनी मैदा, पिठीसाखर, मिल्क पावडर, बेकिंग पावडर आणि सोडा असं सगळं एकत्र करून घरीच मोठा डबा भरून ठेवला. त्या डब्यातून पहिला केक मस्त फुगला, दुसरा मधोमध बसला आणि तिसऱ्याला साबणासारखी चव आली, वर आत तपकिरी ठिपके पण दिसले. आता पुढच्या महिन्यात मुलीचा वाढदिवस आहे तर हे घरी जमण्यासारखं आहे का, की विकतचंच आणावं, आणि मिक्समध्ये इनो घालून ठेवलं तर चालेल का.

जमतं, नक्की जमतं. मी रत्नागिरीत गेली चौदा वर्षं केकच्या ऑर्डरी घेते आणि क्लासेस पण घेते, आणि साध्या केकसाठी अजूनही माझं घरचंच मिक्स वापरते. तुमचं सामान बरोबर होतं हो. चुकलं ते मिसळण्यात आणि डब्यात. एकाच डब्यातून तीन केक तीन तऱ्हेचे निघाले याचा सरळ अर्थ आहे की डब्यात सगळीकडे सारखं मिश्रण नव्हतं. वर कुठे सोडा कमी आला, खाली जास्त गेला. साबणासारखी चव म्हणजे सोडा जास्त झालाय किंवा त्याला पुरेसं आंबट मिळालं नाहीये, आणि तपकिरी ठिपके म्हणजे सोड्याच्या न फुटलेल्या गुठळ्या, त्या जिथे राहतात तिथे केक डागाळतो. मधोमध बसलेल्या केकचं कारण पण बहुतेक तेच, सोडा-पावडर जास्त झाली की केक पटकन फुगतो पण आतला भाग शिजून धरायच्या आत हवा निघून जाते. (मधे ओव्हन उघडून बघितला असेल किंवा कच्चा काढला असेल तरी बसतो, ते तुम्हीच आठवून बघा.)

माझ्याकडे हे अगदी सुरुवातीला झालेलं. क्लाससाठी जुलै महिन्यात पाच किलो मिक्स एका मोठ्या स्टीलच्या डब्यात भरून ठेवलं, मोठ्या चमच्याने ढवळलं आणि झालं म्हटलं. आठवड्याभरात बायकांनी नेलेल्या मिक्सचे निकाल यायला लागले, एकीचा छान, एकीचा चपटा, एकीच्या केकला ठिपके. मला फार वाईट वाटलं कारण त्यातल्या दोघींनी घरच्यांना पहिल्यांदाच केक करून दाखवला होता. तेव्हापासून मी दोन गोष्टी सोडल्या नाहीत, एक म्हणजे मिसळायची पद्धत आणि दुसरी म्हणजे एका केकचं एक पाकीट.

मिसळायची पद्धत आपल्या घरात आधीपासूनच आहे. मेतकूट करताना हिंग-हळद अख्ख्या पिठावर भुरभुरवून ढवळलं तर एका घासाला हिंगच हिंग लागतो, म्हणून आधी मूठभर पिठात चोळून घेतात आणि मग ते बाकीच्यात घालतात. इथे पण तेच. बेकिंग पावडर आणि मीठ आधी कॉर्नफ्लॉवरमध्ये घालायचं, बारीक चाळणीने तीनदा चाळायचं. मग त्यात साधारण तेवढाच मैदा घालून परत चाळायचं, मग जेवढं झालं तेवढाच अजून मैदा, असं दुप्पट दुप्पट करत जायचं. तीन वेळातच किलोभर मैदा संपतो. मग मिल्क पावडर, मग पिठीसाखर, आणि शेवटी सगळं परत दोनदा चाळायचं. कंटाळवाणं आहे, अर्धा तास जातो, पण यातला एकही टप्पा गाळू नका कारण घरी आपल्याकडे फॅक्टरीसारखं मिक्सिंगचं मशीन नाहीये, चाळणी हेच आपलं मशीन.

आता प्रमाण. वाटीने सांगत नाही कारण तुमची वाटी आणि माझी वाटी वेगळी, आणि मैदा डब्यात कप खुपसून भरला तर १५० ग्रॅम बसतो, चमच्याने हलकेच भरला तर १२० च्या आसपास, म्हणजे तीस ग्रॅमचा फरक नुसता भरण्यात पडतो आणि एवढ्याने केक कोरडा होतो. वजनकाटा घ्या, किचनचा साधा डिजिटल चालेल. ८ केकचं मिक्स असं: मैदा १ किलो, कॉर्नफ्लॉवर १२० ग्रॅम, मिल्क पावडर २०० ग्रॅम, पिठीसाखर ९५० ग्रॅम, बेकिंग पावडर ३६ ग्रॅम, मीठ १० ग्रॅम. सगळं मिळून २३१६ ग्रॅम होतं. त्याची २९० ग्रॅमची ८ पाकिटं करायची, शेवटच्यात चार ग्रॅम कमी पडतील त्याने काही बिघडत नाही. एका पाकिटाचा साधारण अर्धा किलोचा केक होतो, ७ इंची टिनसाठी.

आठ केकचं एकदम करायला सांगते त्यालाही कारण आहे. एका केकला बेकिंग पावडर लागते साडेचार ग्रॅम, आणि घरच्या काट्यावर साडेचार ग्रॅम धड मोजताच येत नाहीत, तो एकदा ४ दाखवतो एकदा ५. ३६ ग्रॅम मात्र व्यवस्थित मोजता येतात. फक्त मग मिश्रण सारखं व्हायला हवं, म्हणून तो चाळणीचा एवढा खटाटोप.

एकेका वस्तूबद्दल बोलते. मैदा ताजा घ्या, उघड्यावरचा सुटा नको. केकला मऊ, कमी प्रोटीनचा मैदा लागतो आणि आपला मैदा त्यासाठी जरा ताकदीचा असतो, कॉर्नफ्लॉवर घातला की ती ताकद उतरते, केक मऊ सुटतो. कॉर्नफ्लॉवर म्हणजे पांढरं, बोटात चोळलं की किरकिरणारं पीठ, मक्याच्या भाकरीचं पिवळं पीठ नव्हे! अमेरिकेत असाल तर दुकानात कॉर्नस्टार्च म्हणून मागा, तिथे कॉर्नफ्लॉवर म्हटलं की मक्याचं पीठ मिळतं. आणि इंग्लंडमध्ये असाल तर सेल्फ रेझिंग पीठ चुकूनही आणू नका, त्यात बेकिंग पावडर आधीच असते, म्हणजे परत तुमचा दुसरा केक.

कॉर्नफ्लॉवरच्या १२० पैकी ४० ग्रॅमच्या जागी व्हॅनिला कस्टर्ड पावडर घातली तरी चालते, किंबहुना बिनअंड्याच्या केकला मला ती आवडते. कस्टर्ड पावडर म्हणजे मुळात कॉर्नफ्लॉवर, रंग आणि वास एवढंच, पण अंड्याच्या केकसारखा हलका पिवळा रंग येतो आणि वासही. तिचा जन्मच त्यासाठी झालाय, बर्मिंगहॅमच्या आल्फ्रेड बर्ड नावाच्या केमिस्टने १८३७ मध्ये ती बनवली कारण त्याच्या बायकोला अंडं चालत नव्हतं. तिला यीस्टही सोसत नव्हतं म्हणून पुढे १८४३ मध्ये त्याने बेकिंग पावडरही बनवली. आज आपल्याकडे श्रावणात किंवा चतुर्थीला वाढदिवस आला तरी केक होतो त्यात या माणसाचा मोठा हात आहे, मला दर वेळी क्लासमध्ये हे सांगायला आवडतं.

मिल्क पावडर घेताना पाकीट उलटून वाचा. बऱ्याच घरात चहाची जी पावडर असते ती डेअरी व्हाइटनर, तिच्यात साखर आधीच घातलेली असते. ती वापरायची तर पिठीसाखर ३०-४० ग्रॅम कमी करा. साधी बिनसाखरेची मिळाली तर उत्तम. मिल्क पावडरने केकला वरून सुंदर तांबूस रंग येतो, चव भरीव लागते. बिनअंड्याच्या केकमध्ये ती काढू नका, काढली की केक फिका आणि पावासारखा लागतो.

साखर घरीच दळा, पण मिक्सरमधून काढल्या काढल्या मिक्समध्ये टाकू नका. ती गरम असते, तशीच पाकिटात बंद केली की आत दमटपणा धरतो आणि गुठळ्या होतात. परातीत पसरून पूर्ण गार करा मग चाळा. दळतानाच पाच-सहा वेलदोडे टाकले तर छान वास राहतो. बऱ्याच जणी विचारतात साखर निम्मी केली तर चालेल का. निम्मी नाही चालणार. साखर नुसती गोडीसाठी नसते, ती ओल धरून ठेवते आणि मैद्याला चिवट होऊ देत नाही, त्यामुळे ९५० ची ८०० पर्यंत आणा, त्याखाली गेलात की केक दुसऱ्या दिवशी कोरडा ठणठणीत. आणि अख्खी साखर मिक्समध्ये घालायची नाही, दाणे मोठे असतात, पाकीट हलवलं-उचललं की दाणे आणि मैदा वेगळे होऊ शकतात, परत तेच असमान मिश्रण. गुळाची पावडर पण नको, ती हवेतलं पाणी ओढून घेते. गुळाचा केक करायचा तर मिक्स बिनसाखरेचं ठेवा आणि गूळ आयत्या वेळी दह्यात विरघळवून घाला, गरम दुधात घातलात तर दूध फाटायची भीती.

आता सोडा. वरच्या प्रमाणात सोडा नाहीये हे तुमच्या लक्षात आलं असेल, तो मी मुद्दाम पाकिटात घालत नाही. सोड्याला आंबट लागतं. दह्याचा केक करताना दीडशे ग्रॅम दह्यातली आंबट साधारण पाव छोटा चमचा सोडा खाऊन टाकते, हिशोब जुळतो. पण त्याच पाकिटाचा तुम्ही अंडं-दुधाचा केक केला तर त्या सोड्याला जोडीदारच नाही, मग तो तसाच उरतो आणि साबणाची चव देतो. तुमच्या तिसऱ्या केकमध्ये दही कमी पडलं होतं का किंवा दह्याऐवजी दूध घातलं होतं का ते आठवा. म्हणून पाकिटात फक्त बेकिंग पावडर, तिच्यात सोडा आणि आंबट दोन्ही मापात असतात, आणि दह्याचा केक असेल तेव्हाच वरून पाव छोटा चमचा सोडा, मेजरिंगच्या चमच्याने सपाट भरून, गुठळ्या बोटाने मोडून, मिक्सबरोबर चाळून. पोह्याचा चमचा नको.

इनोचं विचारलंत. इनो मिक्समध्ये घालून ठेवू नका. त्यात सोडा आणि सायट्रिक ॲसिड शेजारी शेजारी बसलेले असतात, पाण्याचा थेंब लागायचा अवकाश की लगेच फसफसतं आणि सगळा जोर मिनिटाभरात संपतो. मिक्समध्ये राहिलं तर हवेतल्या दमटपणानेच हळूहळू मरतं. इनो वापरायचंच असेल तर बेकिंग पावडर-सोडा दोन्ही न घातलेल्या मिक्सला, सगळ्यात शेवटी, टिन तयार आणि ओव्हन तापलेला असताना, आणि साधंच घ्या, लिंबाच्या चवीचं नको. बेकिंग पावडरचं तसं नसतं, आपल्याकडच्या बहुतेक बेकिंग पावडरी थोडं काम ओलीने आणि बाकीचं उष्णतेने करतात म्हणून पीठ पाच-दहा मिनिटं थांबलं तरी सावरतं.

बेकिंग पावडर जिवंत आहे का हे मिक्स करायच्या आधी बघा. अर्धा कप कडक गरम पाण्यात एक चमचा टाका, जोरात फसफसली तर चांगली, नुसते चार बुडबुडे आले तर फेकून द्या. आमच्याकडे कोकणात उघडलेला डबा पावसाळ्यात दोन महिन्यांत निकामी होतो. तारीख पुढची असली तरी होतो.

इसेन्स बाहेर, तेल-तूप बाहेर. बाजारच्या काही मिक्समध्ये फॅट असतं पण घरी तेल-तूप चोळून ठेवलं तर खवट वास येतो. बाहेर काय ठेवायचं हा प्रश्न तसा जुनाच आहे. अमेरिकेत पिट्सबर्गच्या डफ कंपनीने १९३३ मध्ये काकवीच्या जिंजरब्रेडच्या मिक्सचं पेटंट घेतलं त्यात अंड्याची पूड आतच होती, आणि दोनच वर्षांनी १९३५ च्या पेटंटमध्ये त्यांनी अंडं बाहेर काढून बायकांना ताजं घालायला सांगितलं.

करायच्या दिवशी काय करायचं. बिनअंड्याचा केक असेल तर १५० ग्रॅम घट्टसर, ताजं पण किंचित आंबट दही, ६० मिली तेल (शेंगदाण्याचं नको, वास येतो, सूर्यफुलाचं घ्या), ६० मिली दूध आणि एक छोटा चमचा व्हॅनिला एका भांड्यात फेटून घ्या. सगळं घरच्या तापमानाचं, फ्रिजमधलं गार दही नको. त्यावर पाकीट आणि पाव चमचा सोडा एकत्र चाळा. मग स्पॅटुलाने एकाच दिशेने वगैरे काही नाही, खालून वर असं हलकं दुमडत मिसळा आणि कोरडं पीठ दिसेनासं झालं की थांबा. थांबा म्हणजे खरंच थांबा. बीटर लावून पाच मिनिटं फिरवलं की मैद्याची चिकटी जागी होते आणि केकला आत लांबट बोगदे पडतात, रबरासारखा लागतो. दही पातळ असेल तर दूध थोडं कमी, घट्ट असेल तर चमचाभर जास्त, चमच्यातून जाडसर रिबनसारखं पडेल असं पीठ हवं. ओव्हन दहा मिनिटं आधी तापवून १७० डिग्रीला ३० ते ३५ मिनिटं, पहिली २५ मिनिटं दार उघडायचं नाही.

अंड्याचा असेल तर २ अंडी, ६० मिली तेल, १०० मिली दूध, सोडा नाही. अंडी आधी एकटीच फेसाळ होईपर्यंत फेटा. इथे एक खरं सांगते, अंडी आणि साखर दहा मिनिटं फेटून जो कापसासारखा स्पंज होतो तो प्रिमिक्समधून होत नाही कारण साखर आधीच मैद्यात गेलेली असते. आणि बाजारच्या मिक्ससारखा अगदी एकसारखा, दाबला की वर येणारा स्पंज पण घरी येणार नाही, त्यांच्यात इमल्सिफायर असतात, पाकिटावर ४७१ असा आकडा दिसतो बघा, ते. त्यात वाईट काही नाही पण ते आपल्या फडताळात नसतं. घरच्या मिक्सचा केक जरा दाटसर, चवीला जास्त चांगला, आणि नुसता चहाबरोबर खायला किंवा हलक्या क्रीमला एकदम योग्य. तीन थरांचा उंच क्रीमचा केक करायचा असेल तर मात्र मी हे मिक्स सुचवणार नाही.

ओव्हन नसेल तर कुकरमध्ये होतो, शिट्टी आणि रिंग काढायची, तळाशी स्टँड, पाणी अजिबात नाही. रोजचा कुकर त्यासाठी वापरू नका, रिकामा तापून खराब होतो, जुनं जाड बुडाचं पातेलं आणि घट्ट झाकण घ्या. दहा मिनिटं तापवून मंद आचेवर ४० ते ४५ मिनिटं. वरून रंग येणार नाही, शिजला का ते सुरीने बघा.

चॉकलेटचं मिक्स हवं असेल तर कॉर्नफ्लॉवर पूर्ण काढा, मैदा ९२० ग्रॅम, कोको २०० ग्रॅम, साखर १०५० आणि मिल्क पावडर १००, बाकी तेच, पाकीट तेवढ्याच वजनाचं. बेकिंग पावडर-मीठ मग कोकोमध्ये मिसळून सुरुवात करायची. साखर वाढवली कारण कोको कडू, आणि कोको पाणी पितो म्हणून दूध ६० च्या जागी ९०. त्या दुधात चिमूटभर इन्स्टंट कॉफी घातली तर चॉकलेट जास्त खुलतं, कॉफीची चव लागत नाही. कणकेचं पण होतं पण ते मी फार ठेवत नाही, कणकेत कोंड्याबरोबर अंकुराचं तेल असतं त्याने महिन्याभरात कडवट वास येतो, केलंच तर तीन आठवड्यांत संपवा आणि दूध दोन-तीन चमचे जास्त घाला.

ठेवायचं कसं: प्रत्येक पाकीट झिपलॉकमध्ये, हवा दाबून काढून, वर तारीख आणि 'दही १५०, तेल ६०, दूध ६०, सोडा पाव' असं पेनाने लिहून. हे लिहिणं फार कामाचं आहे, दोन महिन्यांनी आपल्यालाच आठवत नाही, आणि घरात दुसऱ्या कुणीही केक करू शकतं. सगळी पाकिटं एका घट्ट झाकणाच्या डब्यात. हिवाळ्या-उन्हाळ्यात दोन ते तीन महिने आरामात, पावसाळ्यात बाहेर ठेवलं तर महिनाच धरा नाहीतर फ्रिजमध्ये. फ्रिजमधून काढल्यावर पाकीट बंदच ठेवून तासभर बाहेर राहू द्या, गार पाकीट लगेच उघडलं की आत दव धरतं. मैद्याला पोरकिडे होतात ही भीती असेल तर मैदा आणल्यावर चार दिवस फ्रीझरमध्ये ठेवा, मग बंद पिशवीतच पूर्ण घरच्या तापमानाला आणून मगच वापरा.

तुमच्या जुन्या डब्यात जे उरलंय ते टाकू नका, पण त्याचा केक पण नको. त्यात सोडा कुठे किती आहे हे आता कळणार नाही. आंबट ताक घालून जाडसर पीठ करा आणि एक छोटा पॅनकेक तव्यावर घालून चव बघा, चांगली लागली तर मुलीला तेच द्या, अजून साबण लागला तर मात्र सोडून द्या.

आणि वाढदिवसासाठी: या आठवड्यात आठ पाकिटं करा, त्यातलं एक मधलं आणि एक शेवटचं असे दोन केक वेगवेगळ्या दिवशी करून बघा. दोन्ही सारखे फुगले म्हणजे तुमचं मिसळणं बरोबर झालं, मग उरलेली सहा डोळे मिटून वापरा. एक फुगला आणि एक बसला तर सगळी पाकिटं परातीत रिकामी करून परत चाळा, तीनदा, आणि मला सांगा कसं झालं ते.